एकदाच वापरलेला कार्बन

जिन्याच्या वळणावर तो आणि मी एकमेकांवर आदळलो, आणि माझ्या हातातली शाईची बाटली माझ्याच बाहीवर रिकामी झाली.

"अरेच्चा! लागलं का?"

"मला नाही. बाहीला विचारा."

त्याने खरंच वाकून बाहीकडे पाहिलं. अंगावर लष्करी गणवेश, डोक्याचे केस नुकतेच बारीक कापलेले, खांद्यांवर रिमझिमीचे थेंब. चेहऱ्यावर अपराधी भाव होता, पण डोळे हसत होते.

"झाकण नीट लावलेलं नव्हतं वाटतं," तो म्हणाला.

"म्हणजे चूक माझी?"

"अर्धी. मी वर बघत चढत होतो, ती अर्धी माझी."

तो आमच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी निघाला. परवा त्याचं जहाज सुटणार होतं. लढाईवर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना कॉलेज दर महिन्याला एक वार्तापत्र पाठवत असे, त्या यादीत नाव घालायला तो आला होता. वार्तापत्र टाइप करणं, पाकिटांत घालणं आणि पत्ते लिहिणं हे काम माझं. मी ओल्या बाहीनेच वही पुढे केली.

"वार्तापत्रात काही दम नसतो हं. कोण निवृत्त झालं, कुठल्या टाकीला गळती लागली, एवढंच."

"पाकिटावरचा पत्ता तुमच्या हातचा असेल ना?"

"असेल."

"मग तेवढा वाचीन…"

तो गेला. मी नळाखाली बाही चोळत बसले आणि विचार करत राहिले, की इतकी तयार वाक्यं माणसाला ऐन वेळी सुचतात, की कुणाकुणावर घासूनपुसून गुळगुळीत झालेली असतात?

मी स्वभावानेच संशयी, त्याला काय करणार! कुणी 'सहज आलो होतो' म्हणालं, की याचं काय काम असेल ते मी शोधायला लागते. दाराला कुलूप लावून निघाले तरी चार पावलांवरून परत येऊन ओढून बघते. ताई म्हणते, "एक दिवस तुला आरशातल्या बाईचाही संशय येईल."

दोन महिन्यांनी त्याचं पहिलं पत्र आलं. पत्रावर गावाचं नाव नाही, लष्करी टपालाचा नुसता शिक्का, आणि मधल्या दोन ओळींवर सेन्सॉरने काळं फासलेलं. मजकूर साधाच होता. वार्तापत्र मिळालं, टाकीच्या गळतीची बातमी वाचून घर आठवलं, पत्त्याचं अक्षर सुरेख. आणि खाली विनंती – 'इथे मला रसदीच्या याद्या चार-चार प्रतींत टाइप कराव्या लागतात. कार्बन पेपर मिळत नाहीत. तुमच्याकडचे जुने, टाकाऊ असतील तर पाकिटात घालाल का?'

मागणी सरळ होती. म्हणूनच मी दोन दिवस तिच्यात वाकडं काही आहे का ते शोधलं. मग घातले चार कार्बन.

पुढचं पत्र आलं ते वाचून मात्र मी खुर्चीतच ताठ झाले.

'टेबल खिडकीपाशी घेतलंत, बरं केलंत. तिथे उजेड चांगला येतो.'

टेबल मी खरंच हलवलं होतं, पण ते याला कुणी सांगितलं? वार्तापत्रात टाकीच्या गळतीची बातमी असते, टाइपिस्टच्या टेबलाची नसते. मी उठून खिडकीबाहेर पाहिलं. समोर झाड, झाडाखाली सायकली. हा गृहस्थ समुद्रापार गेलाच नसेल तर? इथेच कुठेतरी बसून… पण शिक्का लष्करी होता. म्हणजे तो तिकडेच होता, आणि त्याचं कुणीतरी इकडे होतं.

मी उत्तरात काही विचारलं नाही. संशयी माणूस कधी विचारत नाही, नुसता पाळत ठेवतो. कार्बन मात्र जास्त घातले. ऑफिसातले झिजलेले, भोकं पडलेले मी स्वतःच्या कामाला ठेवत होते आणि एकदाच वापरलेले, काळेभोर बाजूला काढून त्याला पाठवत होते. तिकडे लढाईत असलेल्या माणसाला फाटके कार्बन कसे पाठवायचे? एवढंच कारण होतं… असं मी स्वतःला सांगत होते.

तिसऱ्या पत्रात त्याने विचारलं, 'दाढ कशी आहे आता? डाव्या बाजूने चावू नका.'

आता हद्द झाली! त्या महिन्यात माझी दाढ दुखत होती हे कॉलेजात एकाच बाईला माहीत होतं. ग्रंथपाल बाईंना. दुपारी त्यांच्याच खोलीत बसून मी गालावर हात धरून चहा पीत असे. आणि बाई दर शनिवारी एक जाडजूड पाकीट लष्करी टपालात टाकत, तेही कॉलेजच्या पेटीत नाही, स्वतः कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन. वय माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठं, नाक सरळ, आवाज गोड. तो विद्यार्थी असताना त्या इथेच होत्या. आणखी काय पुरावा हवा?

गंमत अशी, की राग यायला हवा होता तो आलाच नाही, रडू आलं. तेव्हा कुठे मला कळलं, की एका शाईच्या डागापायी मी केवढी गुंतले होते.

ताईला सगळं लिहिल्याशिवाय मला चैन पडत नसे. ताई दूरच्या गावी दिलेली, आणि लढाईच्या दिवसांत टपाल वरचेवर गहाळ व्हायचं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तिचं पत्र ऑफिसच्या यंत्रावर टाइप करत असे आणि एक प्रत जवळ ठेवत असे. त्या दिवशी लिहिलं, 'मला ग्रंथपाल बाईंचा संशय येतो. त्याच याला इकडच्या बातम्या पुरवतात. आणि फक्त बातम्याच पुरवत असतील असं मला वाटत नाही.' पुढे आणखी एक ओळ टाइप केली. मग स्वतःचीच लाज वाटली, आणि ती ओळ मी रबराने घासून घासून पुसून टाकली.

शनिवारी बाई पाकीट घेऊन निघाल्या, तशी मी मागोमाग गेले. पेटीपाशी गाठलंच.

"बाई, रागावणार नसाल तर… कुणाला लिहिता हो एवढं?"

त्यांनी पाकीट माझ्यासमोर धरलं. आडनाव त्यांचंच होतं. "धाकटा भाऊ. चार महिने झाले, उत्तर नाही. मी आपली लिहीत राहते. कॉलेजात सगळ्यांसमोर टाकलं की लोक विचारतात, आलं का पत्र… मग इथे येते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का गं? तुला काय वाटलं?"

"काही नाही."

"दाढ बरी आहे ना?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्या दिवसापासून दर शनिवारी मी त्यांच्याबरोबर पेटीपर्यंत जाऊ लागले.

बाई नाहीत, मग कोण? हेडक्लार्क साहेबांना माझं टेबल हललं हे अजून दिसलेलंसुद्धा नव्हतं. शिपाई काका स्वतःच्या मुलाला पत्र लिहायचं तर माझ्याकडे यायचे. मी रोज एकेकाचं तोंड न्याहाळत होते आणि रोज एकेकाला मनातल्या मनात सोडून देत होते.

आणि मग चौथं पत्र आलं. घाईत लिहिलेलं, अक्षर तिरपं.

'आमची तुकडी हलणार आहे. तिकडून या महिनाअखेर निघणारं टपाल शेवटचं, मग कित्येक महिने कुणाचं पत्र कुणाला मिळणार नाही. म्हणून दोन गोष्टी. पहिली – ग्रंथपाल बाईंवर संशय घेऊ नका. त्या बिचाऱ्यांनी मला एक अक्षर लिहिलेलं नाही. निरपराध बाईंवर आळ येतोय आणि मी गप्प बसतोय, हे मला जमेना. मला कसं कळतं ते तुम्हीच शोधा, आणि सापडलं की हव्या तेवढ्या शिव्या द्या. मी त्याला पात्र आहे.

दुसरी – मी परत आलो, तर त्याच जिन्यावर, त्याच वळणावर उभ्या राहाल का? सापडल्यानंतर उत्तर द्या. आधी नको.'

बाईंवरचा माझा संशय जगात एकाच माणसाला माहीत होता, माझ्या सख्ख्या बहिणीला! म्हणजे ताई? ताईने याला पत्रं लिहावीत? मी तिथल्या तिथे यंत्रात कागद घातला, कार्बन लावला आणि 'ताई, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' असं खाडखाड सुरू केलं. अर्ध्या पानात राग ओसरला. ताईकडे त्याचा पत्ता कुठून असणार? तो तर मी तिला कधी दिलाच नव्हता. मी कागद उपसून काढले. मधला कार्बन निसटून खाली चालला होता, तो खिडकीपाशी पकडला.

खिडकीत ऊन होतं, आणि काळ्या कागदात बारीक बारीक उजेड दिसत होता.

मी कार्बन उजेडासमोर धरला. उलटा धरला होता, तो फिरवला. 'ताई, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.' अक्षर न् अक्षर! जिथे जिथे यंत्राचा अक्षराचा खिळा आपटला होता, तिथली शाई खालच्या कागदावर गेली होती आणि कार्बनवर अक्षराच्या आकाराचा उजेड राहिला होता. दहादा वापरलेल्या कार्बनवर अक्षरांवर अक्षरं बसून नुसती गिचमिड होते. पण एकदाच वापरलेला, काळाभोर… मी निवडून निवडून पाठवलेला…

टेबल, दाढ, बाईंवरचा संशय, सगळं मीच कळवलं होतं. महिनोन्‌महिने मी ज्या बाईच्या मागावर होते ती माझ्याच खुर्चीत बसलेली होती. ताईचं आरशाबद्दलचं बोलणं आठवलं आणि मी एकटीच मोठ्याने हसले. हेडक्लार्क साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

मग हसू एकदम थांबलं.

ती पुसलेली ओळ! मी रबर घासलं होतं ते कागदावर. कार्बनवर कुठे घासलं होतं? जे मी ताईलाही कळू दिलं नव्हतं, ते त्याच्या हातात उजेडासारखं लख्ख पडलं असणार. 'ताई, तो मला फार आवडतो गं, आणि तो दुसऱ्या कुणाचा असेल तर मी काय करू?'

दोन दिवस मी यंत्रावर राग काढला. परक्याचं पत्र वाचायचं म्हणजे काय! आणि सेन्सॉरनेही वाचलं असेल तर? पण रागाच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं. तो गप्प बसू शकला असता. मला कधी पत्ता लागला नसता आणि त्याला दर महिन्याला बसल्या जागी माझं मन वाचायला मिळालं असतं. एका बाईवर खोटा आळ येतोय म्हणून त्याने स्वतःची चोरी आपणहून उघडी केली होती. असल्या माणसावर संशय घ्यायला जागा कुठे राहते? मी खूप शोधली, पण मिळाली नाही.

महिनाअखेरचं टपाल दुपारी जाणार होतं. मी कपाटातून कोरा करकरीत कार्बन काढला, दोन कागदांमध्ये ठेवला आणि टाइप केलं –

'चोरून वाचणं वाईट. याबद्दल समोरासमोर बोलायचं आहे, म्हणून परत यायलाच हवं. जिन्यावर उभी राहीन. पुसलेली ओळ खरी आहे. शाईची बाटली या वेळी तुम्ही आणायची.'

मग दोन्ही कागद फाडून टोपलीत टाकले आणि नुसता कार्बन पाकिटात घातला. पत्ता हाताने लिहिला, जमेल तितका सुरेख.

त्यानंतर नऊ महिने काही आलं नाही. वार्तापत्र जात राहिलं. दोनदा त्यात काळ्या चौकटीतली नावं टाइप करावी लागली, तेव्हा यादी वरून खाली वाचायचा धीर मला होत नसे, ग्रंथपाल बाई वाचून दाखवत. एका शनिवारी त्यांच्या भावाचं पत्र आलं, तेव्हा आम्ही दोघी पेटीपाशी उभ्या राहून रडलो. मला मात्र काहीच आलं नव्हतं. पत्र पोचलं नसेल… पोचूनही कुणी उजेडात धरलं नसेल… तो आता… पुढचा संशय मी मनात येऊच देत नसे.

लढाई थांबली. एका रिमझिमत्या दुपारी मी कागदांचा गठ्ठा घेऊन जिना उतरत होते. वळणावर कुणीतरी भिंतीला टेकून उभं होतं. खूप वाळलेलं, उन्हाने काळवंडलेलं, डोळे मात्र तेच. दोन्ही हातांत जपून धरलेली शाईची बाटली.

"या वेळी आदळू नका," तो म्हणाला. "फार लांबून आणलीय."

त्याने खिशातून घडी पडून पडून विरलेला काळा कागद काढला.

"किती वाचलंत?" मी कसंबसं विचारलं.

"ताईंना पाठवलेलं सगळं." त्याने कागदाची घडी उलगडली. "आणि न पाठवलेलं… ते रोज."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. पण तेवढ्यासाठी वाचायचा थांबलो नाही. तुम्ही सांगा… ती ओळ अजून तशीच आहे?"

"तशीच आहे," मी म्हणाले. "एवढं घासूनही गेली नाही."

त्याने बाटली माझ्यापुढे केली. मी घेतली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी आधी झाकण घट्ट आहे ना ते बघितलं.