लाजरी टोपी

पिवळी रेघ धाडकन खाली आली.

*

"जोराचा वारा. पण त्यात पान हलत नाही, केस विस्कटत नाहीत, खिडकी आपटत नाही. ओळख, कुठला?"

*

अॅल्युमिनियमचा एक ठोकळा. आत काहीही नाही.

*

पिंगपाँगचा चेंडू उडून पंपवाल्या काकांच्या सुपाच्या वाटीत पडला.

*

केसांची एक काळी पिन. शिवणाचा दोरा.

*

हे सगळं एकाच दिवसातलं. आता जरा ओळीने सांगायला हवं.

मावशीच्या घरी रंगकाम निघालं होतं. घरभर डबे, शिड्या आणि रंगाचा वास. सुट्टीला आलेल्या पोरांना तिथे सोडलं तर भिंतींआधी पोरंच रंगतील, हे ओळखून मावशी गेले काही दिवस तिघांनाही आपल्याबरोबर प्रयोगशाळेत आणत होती. घारी, तिचा धाकटा भाऊ प्रश्न्या आणि मावशीचा स्वतःचा मुलगा लंबू. घारीला ते नाव डोळ्यांवरून पडलं होतं, आणि ते डोळे एखाद्या गोष्टीवर जाऊन बसले की उठता उठत नसत. लंबू नावासारखाच होता. प्रश्न्याचं नाव का पडलं ते सांगायला नको.

मुलांनी काचेच्या अलीकडे बसायचं, अशी ताकीद होती. पलीकडच्या खोलीत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्या खोलीच्या मधोमध एक पोलादी पिंप होतं, चांगलं हत्तीच्या पिल्लाएवढं. पंपवाल्या काकांनी त्यातली हवा निपटून काढली होती. आत बसली होती टोपी.

टोपी म्हणजे मावशीचं यंत्र. आकार टोपीसारखा, म्हणून टोपी. काही दिवसांनी ती यानात बसून अवकाशात जाणार होती, सूर्याकडून येणारा वारा मोजायला.

"वारा म्हणजे कण," मावशीने सकाळी गाडीत आपलंच कोडं सोडवत समजावलं होतं. "गलेलठ्ठ प्रोटॉन आणि चिमुकले इलेक्ट्रॉन. सूर्यापासून सतत सुटतात. इतके विरळ, की एकमेकांना धक्कासुद्धा लागत नाही."

"मग ते हरवत नाहीत?" प्रश्न्या.

"नाही. अवकाशात चुंबकाच्या न दिसणाऱ्या रेषा असतात. त्यांच्याभोवती गिरक्या घेत जातात. इलेक्ट्रॉन हलका, त्याची गिरकी एवढीशी. प्रोटॉन जड, त्याची गिरकी ऐसपैस."

"आणि टोपी काय करते?"

"मोजते. कोण आलं, कुठून आलं, किती जोरात आलं."

"दारावरच्या पहारेकऱ्यासारखी," लंबू म्हणाला.

"तशीच. फक्त मधेच डुलकी काढत नाही."

पण टोपी डुलकी काढत होती. तेच तर दुखणं होतं.

पिंपाच्या एका टोकाला कण सोडणारी नळी होती. तिथून सुटलेल्या खोट्या वाऱ्यात टोपी बसायची आणि बाहेरच्या पडद्यावर दोन रेघा धावायच्या. हिरवी प्रोटॉनची, पिवळी इलेक्ट्रॉनची. मावशी एकटी असली की दोन्ही रेघा शहाण्यासारख्या सरळ. मोठे साहेब बघायला आले, की पिवळी कोसळायची. प्रत्येक वेळी.

"टोपी लाजते," पंपवाले काका म्हणायचे. "साहेब आले की मान खाली."

सगळे हसायचे. मावशी हसत नव्हती. आज दुपारची चाचणी शेवटची होती. पिवळी पुन्हा पडली, तर टोपी राहणार इथेच आणि यानात तिच्या जागी बसणार तो अॅल्युमिनियमचा ठोकळा. तेवढ्याच वजनाचा, तेवढ्याच मापाचा, यानाचा तोल जाऊ नये म्हणून.

"यानाला वजन लागतं," साहेब सकाळी म्हणाले होते. "मोजणी नसली तरी यान उडतं. बाई, माझा नाइलाज आहे."

मावशीने नुसती मान हलवली होती. मग गळ्याशी लावलेलं बटण काढून पुन्हा तेच लावलं होतं.

"मी पाळण्यात होतो तेव्हापासून आई टोपी बनवतेय," लंबू काचेला नाक लावून म्हणाला. "मला गोष्ट सांगतानासुद्धा मधेच उठून काहीतरी लिहायची. राजकन्या अजून राक्षसाच्या गुहेतच आहे."

घारीचे डोळे साहेबांवर जाऊन बसले होते. पलीकडे साहेब पिंपाजवळ गेले, पिंपाच्या गोल खिडकीला जवळजवळ छाती टेकवून आत डोकावले. पिवळी रेघ धाडकन खाली. साहेब मागे सरून मावशीला काहीतरी बोलले. पिवळी वर. साहेब पुन्हा वाकले. पुन्हा खाली.

"लंबू, टोपी साहेबांना लाजत नाही. साहेब खिडकीशी आले की लाजते."

"धक्का लागत असेल पिंपाला. केवढे आहेत बघ ना."

"मग हिरवी का हलत नाही?"

लंबूने डोकं खाजवलं.

उत्तर निघालं उपाहारगृहात. लंबूच्या खिशात नेहमी पिंगपाँगचा चेंडू असायचा आणि प्रश्न्याच्या खिशात गोट्या. टेबलावर एक पंखा घुमत होता. घारीने प्रश्न्याची गोटी पंख्यासमोरून आडवी घरंगळवली. गोटी सरळ गेली. मग लंबूचा चेंडू सोडला. तो अर्ध्या वाटेवर वळला, टेबलावरून उडाला आणि पंपवाल्या काकांच्या सुपाच्या वाटीत पडला.

"माफ करा, काका," घारी म्हणाली. पण तिचा चेहरा माफी मागणाऱ्याचा नव्हता. "पाहिलंत? हलका वळला, जड नाही. पिंपातही तेच होतंय. कुणीतरी बाजूने फुंकर घालतंय."

"पिंपात फुंकर?" काकांनी शर्ट पुसत चेंडू परत दिला. "पोरी, हवेचा कण शिल्लक ठेवलेला नाही मी."

"हवेशिवाय इलेक्ट्रॉनला कोण वळवतं मग?"

"चुंबक," प्रश्न्या भरल्या तोंडाने म्हणाला. "मावशीने सकाळीच सांगितलं. तुम्ही दोघं भांडत होता."

काका हसले. "पिंपाला आतून खास धातूचं कवच आहे, बाळा. पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा आत येत नाही."

"कुठूनच नाही?" घारीने विचारलं.

"कुठूनच नाही. एक ती खिडकी सोडली तर."

टेबलावर सगळ्यांचं चावणं थांबलं. काकांचंसुद्धा.

"जाऊन आईला सांगू," लंबू उठला.

"काय सांगशील? साहेबांच्या अंगात चुंबक आहे? मावशीवर आधीच लोक हसतायत." घारीने केसांतली एक काळी पिन काढली. "दोरा हवा."

दोरा काकांच्या शर्टाच्या सुटलेल्या बटणाने दिला. पिन दोऱ्याला बांधून घारीने आधी ती काकांच्या खिशाजवळ धरली. सरळ. लंबूच्या पोटाजवळ. सरळ. बाहेर शिपायाच्या किल्ल्यांजवळ. सरळ. शिपायाला वाटलं, पोरगी त्याचं भविष्य बघतेय. त्याने हातही पुढे केला.

साहेब जेवून येत होते. तुकतुकीत शर्ट, छातीवर पितळेचा चकचकीत बिल्ला. त्यांचा नुकताच सत्कार झाला होता आणि तो बिल्ला त्या सत्कारातला होता.

"साहेब, यान किती उंच जातं?" लंबू आडवा आला. आणि लंबू आडवा आला की वाट उरत नाही.

"तिथे अंधार असतो का? यानाला भीती वाटते का? परत कसं येतं?" प्रश्न्याने तोफा डागल्या.

साहेब थांबले. मुलांनी प्रश्न विचारले की त्यांना भाषण सुचायचं. ते रंगात आले. घारी हळूच शेजारी सरकली, दोरा धरलेला हात वर केला.

पिन तिरकी झाली. मग आणखी तिरकी. मग दोऱ्याला हिसका बसला आणि पिन टक् करून बिल्ल्याशेजारी शर्टाला चिकटून बसली.

भाषण थांबलं.

"हा काय चावटपणा?"

"तुमच्या बिल्ल्यात चुंबक आहे, साहेब," घारी म्हणाली. "पांढऱ्या पोशाखाच्या आत तो तसाच असतो. तुम्ही खिडकीशी वाकता आणि इलेक्ट्रॉन वाट सोडतात."

"हे पितळ आहे. पितळेला आणि चुंबकाला एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. शाळेत शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात. पण पितळ शर्टालाही चिकटत नाही. मग बिल्ला टिकलाय कशावर?"

साहेबांनी शर्टाच्या आत बोटं घातली. बाहेर आली ती एक छोटी, काळपट, जड पट्टी. बिल्ला टण्णकन फरशीवर पडला. शर्टाला भोक पडू नये म्हणून बिल्ल्याच्या पाठीवरची लोखंडी चकती शर्टाच्या आतून धरून ठेवणारी ती चुंबकाची पट्टी साहेबांना फार आवडली होती. समोरची बाजू त्यांनी रोज पुसली होती. मागची बाजू विसरून गेले होते.

"एवढ्याशा तुकड्याने काय होणार?" ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"एकदा तो बाहेर ठेवून बघा आणि एकदा बरोबर घेऊन. काही झालं नाही, तर ठोकळा आहेच."

दुपारी काचेच्या अलीकडे गर्दी झाली. साहेब आधी रिकाम्या खिशाने आत गेले आणि खिडकीशी वाकले. पिवळी रेघ आपली सरळ. मावशीचा एक हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. मग साहेबांनी काळी पट्टी हातात घेतली आणि पुन्हा वाकले.

पिवळी कोसळली. हिरवी जागची हलली नाही.

मावशी म्हणाली, "साहेब, जरा बाजूला होता का?"

त्या इमारतीत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. साहेब बाजूला झाले. पिवळी वर आली, आणि मग मावशीने पोशाखाची टोपी मागे ढकलली, डोळे पुसले आणि पुढची मोजणी सुरू केली.

चाचणी संपल्यावर साहेब स्वतः बाहेर आले. "खोलीत धातू न्यायचा नाही, हा नियम माझाच," ते म्हणाले. "बाई, टोपी जाणार. आणि तुमच्या या भाचीला मोठेपणी माझ्या खुर्चीपासून लांब ठेवा, नाहीतर मला उठावं लागेल."

"ठोकळ्याचं काय?" काकांनी विचारलं.

"माझ्या दाराला लावा. वाऱ्याने आपटतं."

मावशीने तिघांना एकदम मिठीत घ्यायचा प्रयत्न केला. लंबू मावला नाही. "अगं, तुला हे सुचलं कसं?" तिने घारीला विचारलं. "आम्ही इतकी शिकलेली माणसं आठवडाभर तारा तपासत बसलो होतो."

"मी नुसती बघत होते," घारी म्हणाली. "काचेमागे दुसरं कामच नव्हतं."

"आई," लंबू म्हणाला, "आता राजकन्येला गुहेतून बाहेर काढ."

आदल्या दिवशी लिफ्टमध्ये प्रश्न्याने साहेबांना विचारलं होतं, "तुमचा बिल्ला पडत कसा नाही?"