सुवालालशेठचा अर्धा तास

जैनांच्या संवत्सरीच्या दिवशी ऊन कललं, तसा मिरजगावचा भिमाजी भिंतीवरचं घड्याळ पिशवीत घालून दुरुस्तीला निघाला. घड्याळाला खोडच तशी लागली होती. दिवसभर नीट चालायचं, पण दिवस बुडायच्या सुमाराला नेमकं अर्धा तास मागं जायचं. सेल बदलून झाला, खिळा बदलून झाला. चैत्रात शेजारचे सुवालालशेठ वारले, तेव्हापासूनचं हे.

"घड्याळाला काय बी झालं न्हाई, मालकाला झालंय," त्याची बायको लंकाबाई दारातून म्हणाली.

दुरुस्तीवाल्यानंही निम्मं तेच सांगितलं.

परतताना शेठचं घर लागलं आणि भिमाजीचा पाय अडला. बारा वर्षं झाली त्या गोष्टीला. शेठ जैन. दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचे नाहीत. एकदा आभाळ भरून आलेलं, उजेडाचा पत्ता नाही. भिमाजीनं गंमत म्हणून त्यांचं घड्याळ अर्धा तास मागं केलं. शेठ निवांत जेवले. भिमाजी पारावर पोट धरून हसला, पण घरी गेल्यावर त्याला भाकर गोड लागली नाही.

पुढं दर संवत्सरीला शेठ दारोदार जाऊन हात जोडायचे. 'मिच्छामि दुक्कडम्', कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. ते आले की भिमाजी गोठ्यात म्हशीमागं दडायचा. त्यांनी मागितली, तर आपल्यालाही मागावी लागेल ना.

ओट्यावर शेठच्या बायको झुंबरबाई बसल्या होत्या. उपवासानं चेहरा उतरलेला, डोळे मात्र हसरे.

"वहिनी, ते घड्याळ..."

"तुमी मागं केलं हुतं. ठावं हाय."

"शेठला बी?"

"त्याच सांजंला. आचवायला बाहेर आले, तर दिवस बुडून तुमच्या कोंबड्या झाडावर बसलेल्या, अन् तुमी पारावर हसताय. दुसऱ्या दिवशी उपास केला, बोलले न्हाईत कुनाला." त्या हसल्या. "दरसाल तुमच्या म्हशीलाच हात जोडून यायचे की."

भिमाजीनं मान खाली घातली. "आता कुनाला म्हनू मी?"

"आत गादी हाय त्यांची. मी प्रतिक्रमणाला बसते."

दुखऱ्या गुडघ्यांमुळं त्या क्षमेचा हा पाठ घरीच म्हणायच्या. त्या माजघरात गेल्या. भिमाजी गादीसमोर टेकला. खिडकीतला उजेड विझत चाललेला. गादीला अजून बसल्याचा खळगा होता. शेठच्या गालात सदा असायची, त्या लवंगेचा वास हळूहळू दाटत आला. मांडीवरच्या पिशवीत घड्याळ टिकटिकत होतं... मग थांबलं.

"शेठ... चुकलं माझं. मिच्छामि..."

पुढचा शब्द काही आठवेना.

"दुक्कडम्," कुणीतरी कानाशी हळूच पुरवला.

वहिनीच असतील, म्हणून त्यानं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. माजघरातून त्यांचा पाठ अखंड ऐकू येत होता.

गादी करकरली, पोट धरून कुणी हसावं तशी. भिमाजीच्या अंगावर काटा आला. अन् काय झालं कुणास ठाऊक, त्यालाही हसू फुटलं. पिशवीत टिकटिक पुन्हा सुरू झाली.

तो घरी आल्यावर लंकाबाईनं घड्याळ मोबाईलशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता.

सकाळी उन्हं वर आल्यावर ती घड्याळ पुसायला बसली.

"अवं, ह्यात काय पडलंय?"

काचेच्या आत, सहाच्या आकड्यापाशी लवंग होती. संवत्सरीचा उपवास दुसऱ्या सकाळी सोडला की शेठ आधी लवंगच तोंडात टाकायचे, हे सगळ्या गल्लीला माहीत. भिमाजीनं काच चारी बाजूंनी चाचपली. कुठं फट नव्हती.

लवंग अर्धी चावलेली होती, आणि अजून ओली.