पोटाशी धरलेले चेंडू

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं, माझं काही जात नाही. पण गिदोन पाटोळे हे माझ्या आईचे सख्खे मामा. त्या माणसानं उभ्या जन्मात कधी थाप मारली नाही, हे अख्ख्या केडगावाला ठाऊक होतं. हे सगळं आईनं त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि आईकडून मी.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, पिंपळ लागतो. इथं तसलं काही नाही.

ही गोष्ट सुरू झाली भर दुपारी. नगरच्या छावणीत, सत्तेचाळीसच्या जानेवारीत.

त्या वर्षी थंडीनं कहर केला होता. दुपारच्या उन्हातही लोक अंगावरची घोंगडी सोडत नव्हते. गोरे साहेब निघायच्या तयारीत होते आणि त्यांचा एक क्लब मोडीत निघाला होता. खुर्च्या, आरसे, बिलियर्डचं भलंमोठं टेबल, सगळं विकायचं होतं.

बिलियर्ड म्हणजे हिरव्या कापडाच्या टेबलावर लांब काठीनं चेंडू ढकलायचा साहेबी खेळ. त्याला तीन चेंडू लागतात. एक पांढरा, एक काळ्या ठिपक्याचा पांढरा आणि एक लाल. क्लबात असे बरेच संच होते. त्यातले खरे हस्तिदंताचे कुठले, रासायनिक मसाला ओतून केलेले नकली कुठले आणि कशाला काय मोल, हे सांगायला गिदोनला बोलावलं होतं.

मामा पुढे म्हातारे झाले. पण तेव्हा ते तिशीतले होते, म्हणून इथं नुसतं गिदोनच म्हणतो.

गिदोन कातारी होता. मिशनच्या शाळेत लेथ चालवायला शिकला आणि हस्तिदंत कातण्यात त्याचा हात बसला. पुण्याचे व्यापारीसुद्धा त्याच्या शब्दावर माल उचलायचे.

त्या दिवशी मात्र त्याचं अर्धं लक्ष घरी होतं. त्याची बायको रोझी पोटुशी होती. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. हे तरी हाती लागू दे, एवढंच दोघं देवापाशी मागत होती.

क्लबाचा म्हातारा नोकर बन्सी एकेक पेटी आणून ठेवत होता. गिदोन चेंडू उचलायचा, खिडकीच्या उजेडात फिरवायचा आणि बाजूला सारायचा.

"मसाला... ह्यो बी मसाला... साहेबाला कुनीतरी चांगलीच टोपी घातलीया, बन्सीमामा!"

शेवटची पेटी लहानशी, शिसवी होती. ती उघडली आणि गिदोन ती घेऊन खिडकीपाशी सरकला.

दोन्ही पांढऱ्या चेंडूंना दुधावरच्या सायीसारखा पिवळसर रंग. अंगावर चाळणीच्या जाळीगत बारीक आडव्यातिडव्या रेषा. त्या रेषा हस्तिदंतातच दिसतात, मसाल्यात नाही. आणि टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा काळा बिंदू. हत्तीच्या सुळ्यातून मधोमध एक शीर जाते, तिची ती खूण. चेंडू सुळ्याच्या बरोबर मध्यातून कातला असेल तरच ती टोकावर येते.

तिन्ही चेंडूंवर ती टोकावर होती. तिन्हींच्या रेषा एका वळणाच्या. म्हणजे एकाच सुळ्यातला संच. असा संच असतो हे गिदोननं फक्त ऐकलं होतं.

राहिली शेवटची परीक्षा. हस्तिदंत गालाला लावला की आधी गार लागतो, मग हळूहळू अंगाची ऊब घेतो. गिदोननं पांढरा चेंडू गालाला लावला...

तो गार लागला नाही.

नुकताच कुणाच्या तरी काखेतून काढावा, तसा गरम होता.

"पेटी उन्हात हुती का वो?" गिदोननं विचारलं.

"न्हाई."

"मग चुलीपाशी?"

"कपाटात हुती, मिस्त्री. सहादेव गेला तवापास्नं."

सहादेव म्हणजे क्लबाचा मार्कर. खेळताना गुण पुकारायचे आणि चेंडू-काठ्या जपायच्या, हे त्याचं काम. तो दिवाळीच्या सुमारास वारला, एवढं गिदोनच्या कानावर होतं.

बन्सी खालीच बसला. "थंडीत ह्ये चेंडू तडकत्यात, तुमाला काय सांगायचं. म्हून सहादेव त्यांना बंडीच्या आत पोटाशी बांधायचा. घरी बी न्यायचा. बायकू म्हनायची, माजी सवत आनलीया. त्या दिशी सकाळी मी दार उगडलं तर गडी बाकावर बसल्याला. पार थंडगार पडल्ता. आन चेंडू..."

"चेंडू काय?"

"ऊन हुते. आता हायेत तसेच."

गिदोन हसला. "आमी येशूची मानसं. तुमच्या भुतांचा हुकूम आमच्यावर चालत न्हाई."

बन्सी हसला नाही.

"भूत कुटं म्हन्तोय मी? ऊब मागत्यात, येवढंच म्हन्तो. घरच्या कुनाच्या हाती देऊ नगा."

चेंडू जराही वाकडा झाला असेल तर मोल उतरतं. ते बघायला घरचा लेथ आणि बारीक तराजू हवा. क्लबाच्या साहेबाला सांगून गिदोन पेटी केडगावला घेऊन आला.

दिवस कलला तसा गारठा वाढला. घरावर पत्रा, भिंतींना फटी. रात्री पाणी गोठतंय की काय अशी थंडी. एखादा चेंडू तडकला तर संच मातीमोल. चुलीशी ठेवावा तर धगीनंही तडकतो. त्याला लागते ती माणसाच्या अंगाचीच ऊब. सहादेव करत होता ते कसबी माणसाचं शहाणपण होतं, असं गिदोनच्या मनानं घेतलं. त्याला स्वतःला पहाटेच सुप्याला कामावर निघायचं होतं.

त्यानं पेटी रोझीपुढं धरली.

"रोझे, मी येईस्तवर येवढं पोटाशी धरून नीज."

"आधीच एक हाय पोटाशी. आता आनि तीन सांबाळू?"

"हत्तीचा दात हाय. लई मोलाचा."

"माजं मोल केलंत का कदी?" असं म्हणत रोझीनं चेंडू हातात घेतले आणि तिचा चेहराच पालटला. "अगं बाई... किती ऊबदार हायेत वो!"

बन्सीचं बोलणं गिदोनला आठवलं. आठवलं आणि त्यानं ते झटकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुप्याहून परतला. दार नुसतं लोटलेलं होतं. भांड्यांचा आवाज नाही. काम करताना रोझी उपासनेतली गीतं गुणगुणायची, तेही नाही.

रोझी गोधडीत होती. डोळे उघडे. हसत होती.

त्यानं तिचा हात धरला...

माठाला हात लावावा तसा तो गार होता. ओठ निळसर पडले होते.

"मला बरं वाटतंय," ती म्हणाली.

गिदोननं गोधडीत हात घालून चेंडू बाहेर काढले. त्यांचा हाताला चटका बसत होता. त्यानं ते पेटीत ठेवले, झाकण लावलं, कडी घातली.

आणि मग...

टक.

पेटीच्या आतून. मऊ, दबका आवाज. मसाल्याचे चेंडू कडक वाजतात, हस्तिदंत असा वाजतो. पण आत प्रत्येक चेंडूला कापूस लावलेली वेगळी खोबण होती. एकाचा दुसऱ्याला धक्का लागणं शक्यच नव्हतं.

रोझीनं त्याचं मनगट पकडलं. "आवो... बाळ हलंना."

गिदोननं तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि वाट पाहिली. आधीच्या दोन वेळी असंच झालं होतं. असाच हात ठेवून तो बसला होता.

टक...

त्यानं कडी काढली. पांढरा चेंडू तिच्या पोटावर ठेवला.

आतून बाळानं लाथ मारली.

मिशनच्या दवाखान्यातल्या बाई आल्या. नाडी बरी, बाळाचे ठोके बरे. पण तापमापकातला पारा चढेना. बाईंनी तो झटकून झटकून पाहिला, दुसरा लावला, तोही तसाच. "अशक्तपणा आहे, गरम गरम पाजा," म्हणून गेल्या. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. उतारा विचारायला गिदोन छावणीत जाऊन बन्सीच्या पाया पडला. बन्सीनंच त्याला हात जोडले. "मला ठावं असतं तर सहादेवाला मरू दिला असता का, मिस्त्री?"

मग गिदोननं ठरवलं, आपणच बळी जायचं. रोझीला डोळा लागल्यावर त्यानं तिन्ही चेंडू उचलून स्वतःच्या पोटाशी बांधले. "माजी ऊब घ्या," तो म्हणाला. "लागंल तेवडी घ्या."

चेंडू गार पडले. नदीतल्या गोट्यांसारखे गार.

मग बारीकसा आवाज आला...

चर्र.

पांढऱ्या चेंडूवर केसाएवढी चीर उमटली आणि आतल्या खोलीत रोझी पोट धरून किंचाळली.

गिदोन धावला. त्यानं चेंडू तिच्याजवळ ठेवले. किंकाळी थांबली. चीर पडली म्हणजे संचाचं मोल बुडालं, हे कातारी असून त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

त्यानंतर त्यानं काही केलं नाही. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. साहेब घाईघाईनं विलायतेला गेला, चेंडूंची कुणी आठवणही काढली नाही. उन्हाळा लागला, लोक अंगणात निजू लागले. रोझी मात्र गोधडीतच. गिदोन तिला गरम रस्सा पाजायचा, तळपाय चोळायचा आणि तिच्यादेखत रडायचं नाही म्हणून गोठ्यात जाऊन रडायचा.

चैत्रात रोझी बाळंत झाली. मुलगी झाली. जिवंत, लालबुंद, घर डोक्यावर घेणारी.

गिदोननं सगळ्यात आधी चेंडू चाचपले. तिन्ही गार होते. आता गालाला लावले तरी नुसता मेलेल्या जनावराचा दात. तो गुडघे टेकून ओक्साबोक्शी रडला. सुटलो, असं त्याला वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं पेटी बन्सीच्या हवाली केली. पुढं ती कुणी विकत घेतली, काय मोल आलं, कुणाला ठाऊक नाही.

मुलीचं नाव कृपा ठेवलं.

कृपा गुटगुटीत होती. एवढंच, की पाळण्यात ठेवली की मलूल व्हायची, ओठ निळे पडायचे. उचलून घेतली की पुन्हा टवटवीत. "लेकराला आईची सवय लागलीया," बाया म्हणायच्या. रोझी तिला खाली ठेवायचीच नाही.

पण रोझीचं अंग काही तापेना.

एका दुपारी गिदोननं कृपाला तिच्याकडून घेतलं. लेकराचं डोकं त्याच्या गालाला लागलं...

ती ऊब त्याच्या ओळखीची होती.

चेंडू निदान पेटीत तरी ठेवता आले होते. पोटची पोर कुठं ठेवायची?

रोझीनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिला केव्हाचंच कळलं होतं. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"द्या हिकडं. असू दे वो. माजंच हाय."

त्या पावसाळ्यात रोझी गेली. शेजारणीनं पाहिलं तेव्हा कृपा तिच्या छातीवर गाढ झोपली होती. आईचं अंग बर्फासारखं, पोर घामेजलेली. गिदोननं पोर उचलली आणि छातीशी धरली. कुणी म्हणालं बहिणीकडं द्या, कुणी म्हणालं मिशनच्या आश्रमात द्या. त्यानं कुणाच्याच हाती दिली नाही. कुणाला देणार?

पुढं उभा जन्म, ऐन वैशाखातसुद्धा गिदोनमामा स्वेटर घालून असायचे.

ते वारले तेव्हा मी दफनाला होतो. कृपामावशी कबरीपाशी एकटी उभी होती. गोरीगोमटी, तब्येत ठणठणीत. माझी आई पुढं झाली आणि तिनं मावशीचा हात हातात घेतला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

आता आई दर महिन्याला केडगावला राहायला जाते. परत येते तेव्हा तिची बोटं...

मी तिला पुष्कळदा सांगितलं, जाऊ नकोस. रागावलो, हातापाया पडलो, एकदा तर दाराला कुलूप लावलं.

ती शांतपणे शाल गुंडाळते आणि मला विचारते, "मग तिला कुणी धरायचं रे?"