इरावतीची वेदनापट्टी

वेदनाशामक गोळ्या औषधांच्या दुकानांतून हद्दपार होऊन दहा वर्षं झाली होती. आजीच्या गुडघ्याच्या, वडिलांच्या पाठीच्या गोळ्या कपाटातून चोरून खाणारी शाळकरी मुलं फार वाढली होती. म्हणून डॉक्टर आता वेदनापट्टी देत. दंडावर चिकटवायची ही पट्टी कानामागच्या टिकलीएवढ्या यंत्राशी जोडलेली असे. यंत्र मेंदूतली वेदना मोजायचं. वेदना खरी असेल तरच पट्टी उघडून औषधाचा थेंब सोडायची. सोंग चालत नसे.

म्हणूनच सांगलीच्या डॉ. नसीमा मुल्ला चक्रावल्या. सतरा वर्षांच्या इरावती घाटगेचं मांडीचं हाड चार महिन्यांपूर्वीच जुळलं होतं, तरी पट्टी रोज सहा-सात वेळा उघडत होती.

"यंत्र बिघडलंय का?" तिच्या वडिलांनी, दिनकररावांनी विचारलं. ते एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते.

"नाही हो. तिला खरंच दुखतंय."

"पायात नाही," इरावती पुटपुटली. तिने मोबाइल काढून एक जुना आवाजी संदेश लावला. तिच्या दादाचा, विश्वजितचा आवाज आला, "इरे, दार उघड की! किती वेळ?"

दिनकररावांनी डोळे मिटले. ज्या अपघातात तिचा पाय मोडला, त्यातच विश्वजित गेला होता. स्कूटर ती चालवत होती.

"हे ऐकलं की पट्टी उघडते. मी मुद्दाम ऐकते."

नसीमाबाईंनी समजावलं, "हाड मोडल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यातले काही जवळचं माणूस गेल्यावरही जागे होतात. पट्टीला फरक कळत नाही."

"पण आता आवाज ऐकला तरी दादा आठवत नाही, बाबा," इरावती म्हणाली. "औषधच आठवतं."

औषध एकदम बंद करणं धोक्याचं होतं. सहा आठवडे ते थोडं थोडं कमी केलं. अंगाला कापरं भरायचं, घाम फुटायचा. दिनकरराव रजा काढून तिचे हात धरून बसले.

सातव्या आठवड्यात दवाखान्यात तो आवाज पुन्हा लावला. पडद्यावरची वेदनेची रेघ हलली नाही.

"गेला का तो माझ्यातून?" ती घाबरून म्हणाली.

दिनकरराव म्हणाले, "विशूला भेंडी आवडायची नाही. डब्यातली भेंडी तो..."

"माझ्या डब्यात टाकायचा! आणि वर आईला सांगायचा, इरीनेच मागितली." ती हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "बाबा, दुखतंय. खूप दुखतंय."

"दुखू दे गं, बाळा." त्यांनी तिला पोटाशी धरलं. लेकीला रडताना पाहून त्यांना किती महिन्यांनी बरं वाटलं.

नसीमाबाई पडद्यावर उंच चढलेली रेघ बघत राहिल्या. त्यांच्या पट्टीने सात महिने हीच रेघ इमानेइतबारे पुसून टाकली होती.

ते दोघं गेल्यावर त्यांनी जिल्ह्याची यादी उघडली. जखम भरूनही पट्टी उघडत असलेली मुलं दोनशे चौदा होती. प्रत्येकाचं यंत्र खरं तेच सांगत होतं. आणि काय दुखतंय, हे आजवर त्यातल्या एकालाही कोणी विचारलं नव्हतं.