गाडीतला दिवा

गाडीची बॅटरी बदलायची, एवढंच काम होतं. इंग्लंडात वॉटफर्डला दीनानाथांच्या घरापुढे त्यांच्या बायकोची, सुचेताची, छोटी निळी गाडी उभी असायची. सुचेता एप्रिलमध्ये गेली. दीनानाथांना गाडी चालवता येत नव्हती. जन्मभर ते तिच्या शेजारी बसले. आता डिसेंबरात मुलगी श्रद्धा ट्रेननं बेसिंगस्टोकहून आली होती, आईची गाडी घेऊन जायला. आणि बघते तर बॅटरी पुन्हा उतरलेली.

"बाबा, तुम्ही आतला लाइट ऑन ठेवता ना? म्हणून बॅटरी डेड होते सारखी."

"असेल गं," दीनानाथ म्हणाले.

खरं काय ते त्यांनी सांगितलं नाही. दिवा ते लावत नव्हते. कुठं निघायचं झालं की सुचेता आधी गाडीत जाऊन बसायची आणि दिवा लावून वाट बघायची. दीनानाथ कुलूप लावून, ओढून बघून, चष्म्यासाठी परत आत जाऊन मग सावकाश यायचे. "अहो, वरात निघाली का एकदाची?" काच खाली करून ती विचारायची. ती गेल्यापासून अंधार पडला की तो दिवा आपोआप लागायचा. दीनानाथ पुढच्या खिडकीत बसून त्याच्याकडे बघत चहा घ्यायचे. भीती वाटायची. तरी दिवा मालवायला ते एकदाही बाहेर गेले नाहीत.

नवी बॅटरी बसली की गाडी जाणार. आणि तिच्याबरोबर तो दिवाही.

"मी मेकॅनिकला फोन करते. तुमची बोटं उडतील."

"तुझी आई करायची, मी टॉर्च धरायचो. तू चहा टाक जा. आलं घाल जरा."

श्रद्धा आत गेली. चार वाजले नव्हते, तोच उजेड सरत आला होता. रस्ता थंडीनं मुका झालेला. ओल्या, कुजक्या पानांचा वास येत होता. दीनानाथांनी बॉनेट उचललं, पाना लावला. "काळी आधी... मग लाल..." सुचेताचेच शब्द पुटपुटत त्यांनी तारा सोडल्या. जड बॅटरी दोन्ही हातांनी काढून खाली फरशीवर ठेवली आणि कंबर धरून ते उभे राहिले.

गाडीत दिवा लागला.

बॅटरी पायाशी होती. तारा मोकळ्या लोंबत होत्या. आणि आत तो पिवळा, शांत उजेड... ग्रीसच्या वासात सुचेताच्या खोबरेलाचा वास मिसळला.

दीनानाथ काचेशी वाकले. आत कुणी दिसलं नाही.

"सुचे..." त्यांनी काचेवर तळवा टेकवला. "अगं, नाही येत मी एवढ्यात. पोरगी एकटी आहे... तू जा तिच्याबरोबर. अंधाराची मोटरवेनं जाणार ती... सोबत होईल तिला."

बराच वेळ काही झालं नाही. मग डोळा मिटावा तसा दिवा हळूहळू विझला.

दीनानाथांनी नवी बॅटरी बसवली. डोळ्यांतलं पाणी तिच्यावर पडू नये म्हणून मधूनमधून ते मान वळवत होते.

चहा झाला. श्रद्धा गाडीत बसली. इंजिन एका झटक्यात चालू झालं, आणि पाठोपाठ टूं-टूं सुरू झालं.

"बाबा, बेल्ट लावा ना," फोनवर रस्ता शोधता शोधता ती म्हणाली.

"मी बाहेर आहे गं."

तिनं मान वर केली. शेजारची सीट रिकामी होती. आवाज थांबेना.

"सेन्सर गेला वाटतं..."

दीनानाथांनी शेजारचं दार उघडलं. जन्मभर ते जिथं बसले, त्या सीटवरून त्यांनी पट्टा हलक्या हातानं ओढला आणि खटकन् अडकवला. टूं-टूं थांबलं.

"सावकाश चालव, बाळा. पोचलीस की फोन कर."

दार लावताना त्यांची नजर आत गेली. पट्टा सीटला टेकला नव्हता. वीतभर वर, गोलसर ताणलेला होता... आणि संथपणे खालीवर होत होता.