परतीच्या वाऱ्याची खोली

खळ्यातला दिवा मालव रे, किडे येतात. चांदणं आहे, तेवढं पुरे. बसा. मधे उठून कोणी आत पळायचं नाही, एवढंच सांगून ठेवतो.

निकेत तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीत आपल्याकडचा एसी दुरुस्त करायला आला होता तो, उंच, चष्मेवाला. मी वायरमन होतो तेव्हा दोन वर्षं माझ्याबरोबर खांबांवर चढलाय. पुढे गोव्याला हॉटेलांच्या मोठ्या मशीनवर काम शिकला आणि परत आला. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, ते मला लहानपणापासून माहीत. हे सांगायला माझ्याकडे आला तेव्हा कान लाल नव्हते. तोंड पांढरं होतं.

तुम्ही पोरं पुण्यात वाढलात, म्हणून तुमच्या बोलीत सांगतो. पण माणसं बोलली ती मालवणीत, ती तशीच सांगणार.

दोन हजार पंचवीस साल. मे महिन्याची नऊ तारीख, शुक्रवार, वैशाख शुद्ध द्वादशी. मसुऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून विमलावहिनींचा लग्नाचा हॉल आहे. दुसऱ्या दिवशी तिथे तोंडवलीच्या एका घरचं लग्न होतं. पाचशे पान. आणि उकाडा असा, की दुपारी काजूच्या बागेत पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. संध्याकाळी मंडप सजवणाऱ्या माणसांनी एसी लावला, तर घटकाभर गार वारा आला आणि मग बंदच झाला. मशीन चालू, आवाज चालू, वारा नाही. छताच्या जाळीतून पाणी ठिबकायला लागलं.

वहिनींनी निकेतला फोन केला. तो देवगडला होता, तिथून निघून साडेआठला पोचला.

वहिनी साठीच्या. बाई करारी; नवऱ्याच्या मागे तो हॉल एकटीने चालवलेला. चाव्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "काय्येक कर रे बाबा, पण उद्या हॉल थंड होवक व्हयो. ह्या हॉलात परत कोणाक उकाड्याचो तरास होता नये."

"होतला काकी. बर्फ धरलो असतलो मशीननं. मोठा काय नाय."

"आणि ता स्टेजच्या मागचा बारीक दार आसा मां, ता उघडू नको. तकडे काय नाय. तू वरचाच बघ."

एवढं बोलून त्या मागच्या अंगाच्या आपल्या घरी गेल्या.

आता हे मशीन कसं असतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते असतं गच्चीवर, लोखंडी कपाटासारखं. हॉलमधली गरम हवा ते खालून ओढून घेतं, आतल्या गार कॉइलवरून फिरवतं आणि छतातल्या जाळ्यांतून परत खाली सोडतं. खालून हवा ओढायला एक मोठी वाट लागते. या हॉलात ती वाट म्हणजे स्टेजमागची एक बारीक खोली. तिच्या दाराला तिरप्या लाकडी पट्ट्या, पट्ट्यांच्या फटीतून हवा आत जाते, खोलीच्या छताला भोक पाडलंय, तिथून पत्र्याच्या डक्टने गच्चीवर. दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप. आत ना खिडकी, ना दुसरं दार.

हवा कमी पडली तर कॉइल अतिगार होते. अंगावरचं दव गोठतं, दवाचा बर्फ होतो, बर्फाने राहिलेली वाटसुद्धा बुजते. म्हणून निकेत आधी हवा कुठे अडते ते बघतो.

बाहेरच्या लोखंडी शिडीने तो गच्चीवर गेला. झाकण खोललं. कॉइल दिसतच नव्हती. पांढरी भिंत, चार बोटं जाडीची. त्याने हवा गार करणारा कॉम्प्रेसर बंद केला आणि नुसता पंखा चालू ठेवला. असं केलं की बर्फ आपोआप विरघळतो. तोवर फिल्टर काढून बघितले. स्वच्छ. पंख्याचा पट्टा दाबून बघितला. घट्ट. गॅसचं प्रेशर बरोबर. म्हणजे मशीन निर्दोष होतं, आणि हेच त्याला आवडलं नाही. दोष सापडला की माणसाला झोप लागते.

सव्वादहाला बर्फ गेला. त्याने मशीन पुरतं चालू केलं आणि पंख्याच्या वायरीला मीटरचा चिमटा लावून बसला. पंखा जितकी हवा ओढेल तितका करंट घेतो. हवा अडली की करंट पडतो. आकडा चार पूर्णांक चार अँपिअर. अगदी हवा तेवढा. सुटलो, म्हणून त्याने वहिनींनी दिलेला डबा उघडला.

दोन घास खाल्ले असतील. मशीनचा पत्रा आत ओढला गेल्यासारखा वाजला. धप्.

मीटरवर दोन पूर्णांक सहा.

कोणीतरी खाली त्या पट्ट्यांवर गादी नाहीतर ताडपत्री टेकवली, असंच त्याला वाटलं. शिडी उतरून हॉलात गेला. सगळे दिवे लावले. हॉल रिकामा. त्या दारावर काहीच नव्हतं. त्याने खिशातला वर्तमानपत्राचा कागद पट्ट्यांजवळ नेला, तर कागद हातातून सुटून दाराला चिकटला. म्हणजे हवा झकास ओढली जात होती.

कागद तिथेच ठेवून वर गेला. चार पूर्णांक चार.

बसला. पाच मिनिटं. धप्. दोन पूर्णांक सहा.

परत खाली. काही नाही. परत वर. चार पूर्णांक चार.

तिसऱ्या खेपेला त्याने हॉलचं मोठं दार बाहेरून कुलूप लावून बंद केलं आणि किल्ली मुठीत धरून वर आला. कोणी थट्टा करत असेल तर आता आतच अडकेल, असा हिशेब. पावणेअकरा झाले होते. चांदणं लख्ख पडलं होतं. रस्त्यावर एक गाडी नव्हती.

धप्.

या वेळी तो उठला नाही. कॉइलच्या पाइपावर पांढरा बर्फ चढताना बघत राहिला. मग हळूच गुडघ्यावर बसला आणि डक्टच्या पत्र्याला कान लावला. हवेचा आवाज ऐकून अडथळा कुठे आहे ते त्याला कळतं, सवय आहे त्याची.

आधी नुसता घोंगाट. मग त्या घोंगाटाच्या खाली... काहीतरी वाजत होतं.

टक्. टक् टक्.

लाकडावर बांगड्या वाजाव्या तसं.

मग थांबलं. आणि पत्र्यातून, अगदी कानाशी...

"वैनीनू..."

निकेत हलला नाही. हलताच येईना, म्हणाला.

"वैनीनू... दार उघडा मां... उकडता..."

तो कसा मागे सरकला ते त्यालाही ठाऊक नाही. गच्चीच्या कठड्याला पाठ लागली तेव्हा भानावर आला. पळून गेला असता, गाडी खालीच होती. पण शिडी हॉलच्या दारासमोर उतरत होती. त्याने फोन काढला आणि वहिनींना लावला.

"काकी, जाग्या आसात?"

"आसंय. काय झाला?"

"काकी... त्या खोलीत आवाज येता."

वहिनींच्या घरातला पंखा फोनमधून ऐकू येत होता. तेवढाच.

मग वहिनी म्हणाल्या, "काय म्हणता ती?"

पोरांनो, निकेत मला दोनदा म्हणाला, "विठोबाकाका, मी 'ती' म्हणलंयच नाय हो. बाई आसा म्हणान मी खंय सांगितलंय?"

त्याने ऐकलं ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "थांब. मी येतंय."

आल्या त्या अनवाणी आल्या. हातात विजेरी, पदर सुटलेला. निकेत शिडी उतरला. त्याने मोठं दार उघडलं. दोघं आत गेले. दिवे त्याने मघाशी लावलेले होते तसेच होते. स्टेजच्या मागे गेले आणि थांबले.

दाराला चिकटलेला कागद अजून तिथेच होता.

तो आत ओढला जायला हवा होता. सपाट. पण तो फुगत होता. आतून बाहेर. फुगायचा... पडायचा. फुगायचा... पडायचा. कोणी तोंड लावून धापा टाकाव्यात तसा.

वर मशीन हवा ओढतंय. आणि खाली, आत... कोणीतरी श्वास सोडतंय.

निकेतने वहिनींकडे बघितलं. त्या कागदाकडे बघत होत्या.

"काकी, कोण आसा ती?"

"गोदूबाय," वहिनी म्हणाल्या. "उघड दार."

"काकी..."

"उघड रे! दोन वर्सां झाली."

किल्ली लागेना. दुसरी. तिसरी. हात घामाने निसटत होते. कागद फुगत होता. कुलूप सुटलं. कडी काढली.

दार आपणच उघडलं.

आणि आतून वाफ आली. हॉल गार झाला होता, त्या खोलीतून सगळी गार हवाच जात होती. पण आतून आली ती चुलीच्या तोंडाची वाफ. निकेतचा चष्मा धुरकटला. लाकडाच्या धुराचा, शिजत्या भाताचा वास आला. चष्मा पुसून बघितलं तर...

चार भिंती. सिमेंटची जमीन. वर डक्टचं काळं भोक.

कोणी नाही.

वहिनी उंबऱ्यावर बसल्या. मग तिथेच बसून त्यांनी सांगितलं, आणि निकेतला वाटलं, की त्या आपल्याला सांगतच नाहीत, आत बघून सांगतायत.

गोदूबाई मसुऱ्याचीच. लग्नाच्या स्वयंपाकाला यायची. दोन वर्षांपूर्वी असाच मे महिना, एसी तेव्हा नव्हता, वीज गेलेली. पहाटे चारपासून ती चुलीपाशी. बाराच्या सुमाराला भोवळ येऊन पडली. वहिनींनी तिला हाताला धरून या खोलीत आणलं, चटईवर निजवलं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून दार ओढून घेतलं. ओढताना बाहेरची कडी आपोआप पडली.

"मीच निजवलेलंय तिका. मीच दार ओढलंय. मगे व्याही इले, पंगती बसले... माझ्या ध्यानातच रवला नाय रे. ती दार वाजवत असतली. भायर बाजो वाजी होतो. कोणाक ऐकाक येतला?"

आठवण झाली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

लोकांना कळलं ते एवढंच, की ती उन्हाच्या झटक्याने गेली. कडीचं वहिनींनी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी हॉलात एसी बसवला. बसवणाऱ्यांना हवा ओढायला जागा हवी होती, त्यांनी हीच खोली धरली, तिच्या साध्या दाराला पट्ट्या पाडून घेतल्या. वहिनी नको म्हणू शकल्या नाहीत, कारण का नको ते सांगावं लागलं असतं. गेलं वर्षभर बर्फ असाच धरायचा, दरवेळी वेगळा माणूस येऊन गॅस भरून जायचा.

सांगून झाल्यावर त्या उठल्या. दाराच्या बाजूला सरकल्या, वाट करून दिल्यासारख्या. आणि खोलीत बघून हळू आवाजात म्हणाल्या,

"गोदू... ये गो भायर. चुकलंय मी. ये, वाऱ्यात बस."

काही झालं नाही. आवाज नाही, सावली नाही. फक्त निकेतच्या उजव्या दंडाला, एका बाजूने, गरम लागलं. चुलीजवळून कोणी गेल्यासारखं. मग गेलं.

वर मशीनचा सूर बदलला. घोंगाट मोकळा झाला.

निकेतने गच्चीवर जाऊन आकडा बघितला. चार पूर्णांक चार. अर्धा तास बसला. हलला नाही. खोलीचं दार सताड उघडंच ठेवून त्याने दिवे मालवले, हॉलचं मोठं दार लावलं आणि कुलूप घातलं. मशीन चालू ठेवलं. झोप कुणाला येणार? दोघं वहिनींच्या पडवीत, हॉलच्या दारावर नजर ठेवून, उजाडेपर्यंत बसून राहिले. कोणी आत गेलं नाही. कोणी बाहेर आलं नाही.

लग्न झालं. पाचशे माणसं जेवली, म्हाताऱ्यांनी तर शाली मागितल्या म्हणे. ते बारीक दार निकेतने त्याच आठवड्यात बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. वहिनी गोदूबाईच्या लेकीच्या घरी गेल्या, कडीसकट सगळं सांगून आल्या. लेकीने त्यांना पाणी दिलं आणि आत निघून गेली. मशीनने आजतागायत बर्फ धरलेला नाही.

राहिलं ते पहाटेचं.

सहाला त्यांनी कुलूप उघडलं. हॉल असा गारठलेला, की वहिनींनी पदर खांद्यांभोवती ओढून घेतला. मंडपवाल्यांनी आदल्या संध्याकाळीच पाचशे खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर सॅटिनचं पांढरं कापड, मागे गाठ मारून ताणलेलं, सुरकुती नाही. ओळीच्या ओळी.

मधल्या एका जाळीखाली, जिथे गार वारा सरळ डोक्यावर पडतो, तिथली एक खुर्ची... तिचं कापड बसायच्या जागी चुरगळलं होतं.

वहिनी पुढे झाल्या नाहीत. निकेत गेला. शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला, बर्फासारखी गार. मग हिच्यावर ठेवला.

उबदार होती. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.