पूर्वार्धातली दृश्यं

पूर्वझलक काढून घेणं आता इतकं रुळलं होतं, की विश्राम टिपणीसांना सहासष्टाव्या वाढदिवसाला मुलीनं, रेवतीनं, तीच भेट पाठवली. माणसाच्या शरीराच्या नोंदी, सवयी, संभाषणं यांवरून यंत्र त्याचं पुढचं वर्ष मांडायचं आणि त्यातून दोन मिनिटांची फीत कापायचं. अगदी सिनेमाच्या ट्रेलरसारखी, कारण कापणं ते हजारो ट्रेलर पाहूनच शिकलं होतं.

फीत पाहून विश्राम हादरले आणि धाकट्या बहिणीकडे आले. हेमांगीनं तीस वर्षं ट्रेलर कापले होते.

पडद्यावर विश्राम बसस्थानकात एकटेच बसलेले. त्यावर रेवतीचा आवाज : "मी आता परत येणार नाही."

"तोडणार गं ती माझ्याशी," विश्राम म्हणाले.

हेमांगी हसली. "दादा, हे आमचे जुने उद्योग. एका प्रसंगातलं वाक्य उचलायचं, भलत्याच प्रसंगावर चिकटवायचं. एखाद्या हॉटेलाबद्दल बोलत असेल ती! आणि तुझी बस चुकली असेल."

विश्राम मोकळे झाले. चहा टाकायला आत गेले.

हेमांगीनं सवयीनं फीत पुन्हा लावली, आवाज बंद करून. बाजार, जिना, बसस्थानक, गच्ची. प्रत्येक दृश्यात दादाच्या डाव्या मनगटाला आत्ता आहे तेच प्लास्टर होतं. ते येत्या सोमवारी निघणार होतं. आज मंगळवार.

तिनं पूर्वझलक काढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या, ओळखीच्या डॉ. ओकांना फोन लावला. "वर्षभराची झलक ना? मग सगळी दृश्यं याच आठवड्यातली कशी?"

"ट्रेलरला तुम्ही दृश्यं कुठून घेता?"

"पूर्वार्धातून. उत्तरार्ध फोडायचा नसतो."

"यंत्रही तेच करतं. जेवढा काळ हाती असेल, त्याचा पूर्वार्ध."

"जेवढा म्हणजे? वर्ष ना?"

"वर्ष. किंवा... असेल तेवढा." ते अडखळले. "शेवट आम्हालाही दिसत नाही. बाई, फीत कोणाची आहे?"

तिनं फोन ठेवला. सहा दिवसांचा पूर्वार्ध. म्हणजे सगळे मिळून फार तर बारा.

विश्राम उजव्या हातात कप घेऊन आले. "रेवती दिवाळीत येईल, तेव्हा दाखवू तिला. हसेल."

"आत्ताच बोलाव."

"आत्ता? दिवाळीला दोन महिने आहेत अजून."

"उद्याच ये म्हणावं."

विश्रामनी तिच्याकडे पाहिलं. कुठल्या वाक्यानंतर कुठला चेहरा दाखवायचा, हे तिनं तीस वर्षं ठरवलं होतं. स्वतःचा चेहरा मात्र आवरेना.

त्यांनी कप खाली ठेवला. खिशातून फोन काढला.

"तिला काय सांगू?" त्यांनी हळूच विचारलं.